अंगणवाडीचा वजनकाटा आणि चाळिशीतली शुगर

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या परिषदेत मधुमेहाच्या यादीत आणखी एका प्रकाराची भर पडली. 'टाइप ५' असे त्याचे नाव. हा मधुमेह जास्त खाण्याने किंवा बैठ्या नोकरीने होत नाही, त्याचे मूळ दीर्घकाळाच्या उपासमारीत, विशेषतः लहानपणी पोटाला पुरेसे न मिळण्यात आहे, असे महासंघाचे म्हणणे. 'शुगर हा सुखवस्तूंचा आजार' ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ही बातमी वाचून अनेकांना ती छपाईची चूक वाटली असेल.

चूक नाही. फक्त आपण एकाच गोष्टीची दोन टोके वेगवेगळ्या ठिकाणी वाचत आलो आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले खुजी होती, म्हणजे त्यांची उंची वयाच्या मानाने कमी होती, आणि २५.६ टक्के मुले लुकडी होती, म्हणजे त्यांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. दुसरीकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये सांगितले की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पहिला आकडा महिला व बालविकास खात्याच्या फायलीत असतो, दुसरा आरोग्य खात्याच्या. एकीकडे अंगणवाडीताई सॅम-मॅम बालकांच्या, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांच्या याद्या भरत असते, दुसरीकडे तालुक्याच्या दवाखान्यात शुगर तपासणीची रांग लागलेली असते. या दोन रांगांत अनेकदा तीच माणसे चाळीस वर्षांच्या अंतराने उभी राहतात, हे ध्यानात आले की दोन्ही प्रश्नांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

गोदाम, हमाल आणि मुकादम

आधी शुगर वाढते म्हणजे काय होते ते पाहू. आपण जेवतो, अन्नातील पिष्टाची साखर होते आणि ती रक्तात उतरते. बाजार समितीच्या आवारात मालाचे ट्रक येऊन उभे राहावेत, तसे हे समजा. माल आवारात पडून राहून चालत नाही, तो उचलून गोदामात न्यावा लागतो. जेवणानंतरच्या साखरेसाठी शरीरातले सर्वांत मोठे गोदाम म्हणजे स्नायू, आणि दुसरे महत्त्वाचे गोदाम यकृत. माल आत नेणारे हमाल म्हणजे इन्सुलिन. गरजेप्रमाणे हमालांची टोळी पाठवणारे मुकादम म्हणजे स्वादुपिंडातील बीटा पेशी. साखर, चरबी आणि ऊर्जा यांच्या या सगळ्या देवघेवीला चयापचय म्हणतात.

आवार तुंबण्याची कारणे चार. गोदामच लहान असेल, मुकादमांकडे हमाल कमी असतील, गोदामाच्या दारात अडगळ साचल्याने हमालांना आत शिरता येत नसेल, किंवा मालाची आवक बेसुमार वाढली असेल. दारातील अडगळ म्हणजे मुख्यतः पोटाच्या आत, यकृतात आणि स्नायूंत साचलेली चरबी. इन्सुलिन पुरेसे असूनही शरीर त्याला जुमानत नाही, ती ही अवस्था, आणि तिला इन्सुलिन-अवरोध म्हणतात.

मधुमेहावरील बहुतेक सल्ले चौथ्या कारणापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात: भात कमी करा, मिठाई बंद करा, चाला. सल्ला चुकीचा नाही. पण गोदाम मुळात किती मोठे बांधले गेले आणि मुकादम किती नेमले गेले, हा प्रश्न त्यात कुणी विचारत नाही. त्या बांधकामाचा पाया आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांत घातला जातो. गर्भारपणाचे सुमारे २७० दिवस आणि नंतरचे ७३० दिवस मिळून होणाऱ्या 'पहिल्या हजार दिवसांचा' इतका उद्घोष सरकारी भिंतींवर असतो तो यामुळेच, जरी त्या भिंती वाचणाऱ्याला हे कारण क्वचितच सांगितले जाते.

हर्टफर्डशायरच्या वह्या

हा संबंध प्रथम ठळकपणे मांडला तो डेव्हिड बार्कर या इंग्रज वैद्यकतज्ज्ञाने. १९८६ मध्ये क्लाइव्ह ऑस्मंड या सहकाऱ्यासह त्याने इंग्लंड आणि वेल्सचे नकाशे तपासले, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या भागांत बालमृत्यू जास्त होते, त्याच भागांत पुढे हृदयविकाराने मरणारेही जास्त होते. हृदयविकार सुबत्तेचा आजार असेल, तर तो गरीब भागांत का दिसावा?

उत्तर शोधायला व्यक्तिशः नोंदी हव्या होत्या, आणि त्या हर्टफर्डशायर परगण्यात सापडल्या. तिथे १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका घरोघरी जाऊन प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि एक वर्षाचे वजन वहीत लिहीत होत्या. आपल्या अंगणवाडीच्या नोंदवहीचीच ही शंभर वर्षांपूर्वीची आवृत्ती. बार्करच्या गटाने त्या वह्यांतील साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचा पुढील आयुष्यातील माग काढला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडला की वर्षाच्या वयात ८ किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी भरलेल्यांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण, १२ किलोंहून अधिक भरलेल्यांच्या तुलनेत अडीच पटींहून जास्त होते. दोन वर्षांनी त्याच परगण्यातील चौसष्टीच्या पुरुषांची शुगर तपासली, तेव्हा लहानपणचे वजन जितके कमी तितकी बिघडलेली शुगर अधिक, हाच क्रम तिथेही आढळला.

पुण्याजवळची सहा गावे

यापुढची गोष्ट बरीचशी पुण्यात घडली आहे, आणि मराठी वाचकांना ती जेवढी ठाऊक असायला हवी तेवढी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गर्भारपणाच्या आधीपासून स्त्रियांची मापे घ्यायची, त्या काय खातात आणि किती कष्ट करतात ते नोंदवायचे आणि त्यांच्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा करायचा, असा हा चिकाटीचा उद्योग आजही चालू आहे.

या गावांतील बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे होते ३.५ किलो. आपली बाळे लहान असतात, हे सांगायला अभ्यास लागत नाही. आश्चर्य पुढे होते. मोजपट्टी आणि चिमटीने त्वचेखालील चरबी मोजली, तेव्हा दिसले की पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, पण पाठीवरची चरबी जवळजवळ शाबूत होती. म्हणजे बाळ सर्व बाजूंनी सारखे आकसले नव्हते. वजनाने ते हडकुळे होते, पण जे काही वजन होते त्यात चरबीचा वाटा मोठा होता. नाळेच्या रक्तातही इन्सुलिन इंग्लंडमधील बाळांपेक्षा अधिक सापडले. या बाळाला संशोधकांनी 'कृश पण चरबीयुक्त भारतीय बाळ' म्हटले.

मोठेपणी हे कसे दिसते, याचे एक गमतीदार उदाहरण डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचेच दिले. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी एकत्र छायाचित्र काढून ते 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने काढलेला वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता: २२.३. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोन गोदामे बाहेरून सारखी दिसत होती, पण एकातली अडगळ दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक होती.

त्या सहा गावांतील मुले १८ वर्षांची झाली तेव्हा जवळपास निम्म्यांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची उपाशीपोटीची शुगर सामान्य मर्यादेच्या वर गेलेली होती. अठराव्या वर्षी, हडकुळ्या शरीरात. जाड माणसालाच शुगर होते असे मानणाऱ्या कोणत्याही तपासणी शिबिरातून ही मुले 'ठणठणीत' म्हणून घरी परतली असती.

तंगीत शरीर कशाला कात्री लावते

घरात पैशाची ओढाताण झाली की गृहिणी आधी चूल चालू ठेवते, आणि नवी खोली बांधण्याचा बेत पुढे ढकलते. गर्भातील बाळही असेच करते. आईकडून येणारी रसद कमी पडली तर मेंदूचा वाटा शक्यतो कमी होऊ दिला जात नाही. कात्री लागते ती ज्यांची निकड तूर्त नाही त्यांना, म्हणजे स्नायू, स्वादुपिंड, यकृत आणि मूत्रपिंड यांना. अडचण अशी की यांतील काही बांधकामे नंतर करता येत नाहीत. मूत्रपिंडातील गाळण्यांची संख्या गर्भाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत ठरून जाते, त्यानंतर आयुष्यभर नवी गाळणी तयार होत नाही. कमी गाळण्यांवर जास्त भार पडतो, आणि पुढे रक्तदाब वाढण्याचे ते एक कारण ठरते. बीटा पेशींचा साठाही मुख्यतः जन्माआधी आणि पहिल्या काही वर्षांत उभा राहतो.

याशिवाय एक सूक्ष्म गोष्ट घडते. जनुके म्हणजे शरीराच्या कामाची लिखित पाककृती मानली, तर तंगीच्या काळात त्या वहीत खाडाखोड होत नाही, पण समासात खुणा होतात: हे पान सध्या नको, हा पदार्थ बेताने. या खुणा रासायनिक असतात आणि त्यांतील काही दशकानुदशके टिकतात. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे माणशी शिधा दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींपर्यंत घसरला होता. त्या काळात नुकताच गर्भ धरलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये वाढीशी संबंधित एका जनुकावरील अशा खुणा, त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या असल्याचे साठ वर्षांनंतरही दिसून आले.

जिरायत भागातील शेतकरी पावसाची लक्षणे पाहून कमी दिवसांचे, कमी पाण्याचे पीक घेतो. त्याचा अंदाज त्याच्या परीने शहाणपणाचाच असतो. पण पेरणीनंतर अचानक कालव्याचे पाणी शेतात भरून आले, तर तेच पीक कुजते. गर्भाने 'बाहेर दुष्काळ आहे' असे समजून बेतलेले शरीर पुढे शहरात, रिक्षा-बसच्या आणि तळणाच्या जगात आले की असेच काहीसे होते. ही उपमा आहे, पुरावा नव्हे. गर्भ खरोखर भविष्याचा 'अंदाज' बांधतो की केवळ आलेली वेळ निभावतो, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि मला दुसरी बाजू अधिक पटते. परिणाम मात्र दोन्ही पक्षी तोच राहतो.

'आमचे आजोबा अर्धपोटी वाढले, त्यांना कुठे शुगर झाली?'

हा आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. याचे उत्तर दोन ठिकाणच्या उपासमारीत आहे. नेदरलँड्सच्या त्या हिवाळ्यात, विशेषतः गर्भारपणाच्या मध्यावर किंवा अखेरीस, आईच्या पोटात असलेल्यांची साखर हाताळण्याची क्षमता पन्नाशीत कमी भरली. पण १९४१ ते १९४४ च्या वेढ्यात याहून भीषण उपासमार सोसलेल्या सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड शहरात, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला असा फरक सापडला नाही.

या तफावतीचा एक सयुक्तिक अर्थ असा की नेदरलँड्समध्ये दुष्काळ सहाएक महिन्यांत संपला आणि मुले भरपूर अन्नाच्या देशात वाढली, तर लेनिनग्राडमध्ये वेढ्याच्या आधी आणि नंतरही चैन नव्हती. नुसते गोदाम लहान असल्याने आवार तुंबत नाही. लहान गोदामावर मोठी आवक आली की तुंबते. आजोबांनी अर्धपोटी वाढून पुढेही भाकरी-कोरड्यास खाल्ले, नांगर धरला, बाजाराला पायी गेले. त्यांचे गोदाम लहान असेल, पण ट्रक आलेच नाहीत. ट्रक आले ते मुलाच्या आणि नातवाच्या काळात. शिवाय पाचवीलाच दगावलेली त्यांची भावंडे आपल्या आठवणीत नसतात. जे जगले त्यांच्याचकडे पाहून आपण त्या काळाची प्रकृती ठरवतो.

'हे सगळे आनुवंशिकच नाही का?'

काही अंशी आहे. इन्सुलिन कमी तयार करणारी काही जनुके गर्भातील वाढही मंदावतात आणि पुढे मधुमेहही आणतात, त्यामुळे कमी जन्मवजन आणि शुगर यांच्या संबंधातील थोडा भाग थेट जनुकांचा असू शकतो. गरिबी हा दुसरा गुंता: लहानपणी उपाशी राहिलेला माणूस पुढेही सहसा गरीबच असतो, धूर, ताण आणि निकस आहार यांच्यात राहतो, मग दोष नेमका कशाला द्यायचा?

म्हणून केवळ निरीक्षणावर न थांबता, अन्न देऊन काय होते ते पाहावे लागते. असे एक मोलाचे उदाहरण हैदराबादजवळचे आहे. १९८७ ते १९९० या काळात तिथल्या काही गावांत अंगणवाडी योजना पोचली होती, शेजारच्या काही गावांत अजून पोचायची होती. पहिल्या गावांत गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना पूरक आहार मिळाला, दुसऱ्या गावांत नाही. ही मुले १३ ते १८ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आहार मिळालेली मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच होती, त्यांच्यातील इन्सुलिन-अवरोध सुमारे २० टक्क्यांनी कमी होता आणि रक्तवाहिन्या अधिक लवचिक होत्या. अंगणवाडीच्या उपम्याची आणि लापशीची चेष्टा करणाऱ्यांनी हा निकाल आवर्जून वाचावा.

आणखी एक पुरावा अनपेक्षित दिशेने येतो. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून चालू असलेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि साखरेचा खप पाहता पाहता वाढला. त्या तारखेच्या आगेमागे जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचे पहिले हजार दिवस रेशनिंगमध्ये गेले, त्यांच्यात मोठेपणीच्या टाइप २ मधुमेहाचा, म्हणजे सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा, धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. दोन-तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या माणसांची जनुके काही वेगळी नव्हती.

'मग कुपोषित लेकराला भरपूर खाऊ घालायचे की नाही?'

घालायचेच. या सगळ्या संशोधनाचा अर्थ 'लहान बाळ लहानच बरे' असा कुणी काढला तर तो घातक ठरेल. तीव्र कुपोषित मुलाचा जीव आज धोक्यात असतो, चाळिशीतली शुगर ही पुढची गोष्ट. मात्र कधी आणि काय खाऊ घालायचे, याला महत्त्व आहे.

दिल्लीत १९६९ पासून जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाने २००४ मध्ये सुमारे १,५०० तरुणांची माहिती मांडली. २६ ते ३२ या वयात ज्यांची शुगर बिघडलेली होती, ते लहानपणी लठ्ठ नव्हते. उलट दोन वर्षांपर्यंत ते हडकुळे होते, आणि त्यानंतर त्यांचे वजन इतरांपेक्षा वेगाने चढत गेले होते. पुण्यातील आठ वर्षांच्या मुलांतही हेच दिसले होते: सर्वाधिक इन्सुलिन-अवरोध अशा मुलांत होता, जी जन्मतः सर्वांत लहान पण आठव्या वर्षी चरबीने भरलेली होती. भारतासह पाच देशांच्या एकत्रित माहितीवरून असेही दिसते की पहिल्या दोन वर्षांत उंची आणि वजन चांगले वाढणे फायद्याचे असते. शाळकरी वयात उंचीशी मेळ न ठेवता वाढणारे वजन मात्र पुढे महागात पडते.

म्हणून दोन वर्षांच्या आत बाळाला स्नायू आणि हाडे घडवणारे अन्न हवे: स्तनपान, सहा महिन्यांनंतर वरण, अंडे, दूध, शेंगदाणे, पालेभाज्या, चमचाभर तेल-तूप. प्रत्यक्षात पाड्यांवर आणि वस्त्यांवर मुलांच्या हाती दिसतो पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा किंवा चहात बुडवलेले बिस्किट. ते स्वस्त असते, टिकते, मूल लगेच गप्प होते आणि मजुरीवर जाणाऱ्या आईला तेवढीच उसंत मिळते, त्यामुळे आईला उपदेश करणे सोपे आणि निरुपयोगी आहे. पण त्या पुड्याने गोदाम बांधले जात नाही, दारातली अडगळ तेवढी वाढते.

पुरेशी काळजी घेऊनही निकाल सरळ येत नाही, हेही सांगितले पाहिजे. ग्वाटेमालामध्ये १९६९ ते १९७७ या काळात काही गावांतील मुलांना प्रथिनयुक्त पेय दिले गेले होते. मोठेपणी त्यांच्यात मधुमेह कमी आढळला, पण लठ्ठपणा काहीसा जास्त. चांगली सुरुवात हा पुढच्या खाण्यापिण्याचा परवाना नव्हे.

'म्हणजे शेवटी दोष आईचाच?'

या विषयावरील लेखन नकळत इथे घसरते, म्हणून थोडे थांबतो. पुण्याच्या अभ्यासात स्त्रियांचे गर्भारपणाआधीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. शेतातील आणि घरातील कष्ट जितके जास्त, तितके बाळ लहान, हे त्याच अभ्यासातून पुढे आले. ज्या आईने पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेतले तिचे बाळ मोठे भरले. सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते आणि आपल्याकडे घराघरांत त्याचा तुटवडा असतो. बी-१२ कमी पण फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळ्यांतून मिळणारे जीवनसत्त्व) जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-अवरोध सर्वाधिक दिसला. यावरून फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्या बाळाच्या मज्जारज्जूसाठी आवश्यकच आहेत. जोडीला बी-१२ कडेही पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

ती आई स्वतः कुणाची तरी कमी वजनाची मुलगी होती. सर्वांत शेवटी जेवली, लवकर लग्न झाले, उसात किंवा भाताच्या खाचरात वाकली. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात हजारो स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासूनच रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ दिला गेला. सरसकट पाहिले तर बाळांच्या वजनात ठोस फरक पडला नाही, पण ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केली होती त्यांची बाळे सुमारे ५० ग्रॅमने जड भरली, आणि खाऊ मिळालेल्या गटात गर्भारपणातील मधुमेहही कमी दिसला. पन्नास ग्रॅम हा आकडा वाचून निराश व्हायचे कारण नाही. पिढ्यांची ओढ एका खाऊच्या वाटीने फिटत नाही, इतकेच तो सांगतो. उंदरांवरील एका भारतीय प्रयोगात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न दिले, तरी त्यांचा चयापचय पूर्ववत झाला नव्हता. माणूस उंदीर नाही, आणि हैदराबादच्या गावांनी एका पिढीतही फरक पडतो हे दाखवले आहे. तरीही मदत गर्भारपणाच्या सातव्या महिन्यात पोचण्याऐवजी किशोरवयीन मुलीपर्यंत पोचायला हवी, असे म्हणणाऱ्यांची बाजू यामुळे भक्कम होते. पुण्याच्या त्याच गावांत पुढे किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देण्याचा प्रयोग झाला, तो याच विचाराने.

मग हा टाइप ५ वेगळा कसा?

आतापर्यंत सांगितले ते मुख्यतः टाइप २ बद्दल: आधी हडकुळे, मग पोट सुटलेले. टाइप ५ मध्ये दुसरा अर्धा भाग घडतच नाही. माणूस लहानपणी उपाशी असतो आणि तरुणपणीही किडकिडीतच राहतो. आपल्या उपमेत गोदामाच्या दारात अडगळ नसते, पण मुकादमच फार थोडे असतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये अशा रुग्णांची बारकाईने तपासणी करून दाखवले की त्यांची अडचण इन्सुलिन-अवरोधाची नसून इन्सुलिन कमी तयार होण्याची आहे.

हा प्रकार तसा जुनाच. १९५५ मध्ये जमैकात त्याची नोंद झाली होती, जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वर्गीकरणात जागा दिली आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून काढून टाकले. आताही सगळे तज्ज्ञ एकमताने त्याला स्वतंत्र आजार मानत नाहीत. नावाचा वाद चालू राहील, पण रुग्णाच्या दृष्टीने फरक जिवाशी येऊ शकतो. अशा किडकिडीत तरुणाला टाइप १, म्हणजे इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणारा प्रकार, समजून इन्सुलिनचा मोठा डोस दिला आणि घरी पुरेसे अन्न नसले, तर शुगर एकदम खाली जाऊन धोका होतो. टाइप २ समजून 'जेवण कमी करा' असे सांगितले, तर तो आणखी खंगतो. जगात असे दोन ते अडीच कोटी रुग्ण असावेत, असा महासंघाचा अंदाज आहे.

स्वतःपुरते काय पाहावे

कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येकाला शुगर होत नाही. होण्याची शक्यता इतरांपेक्षा वाढते, एवढेच. आपले किंवा मुलाचे जन्मवजन अडीच किलोंपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना ते सांगावे आणि तिशीपासून शुगर व रक्तदाब तपासत राहावे. 'वजन तर बरोबर आहे' यावर विसंबू नये. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जोखीम धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. शिंप्याची टेप इथे वजनकाट्यापेक्षा खरे बोलते. गोदाम लहान बांधले गेले असले, तरी व्यायामाने स्नायू वाढतात आणि साखर ओढून घेण्याची त्यांची ताकदही वाढते. त्यामुळे चालण्याच्या जोडीला वजन उचलण्याचे, उठाबशांचे व्यायाम हडकुळ्या माणसानेही करायला हवेत. अशा माणसांना सहसा कुणी व्यायाम सांगत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

राहता राहिले जन्मवजन. ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेले असते, आणि लसी संपल्या की ते कार्ड घरात कुठेतरी गहाळ होते. २०२१ पासून अंगणवाडीतली वजने 'पोषण ट्रॅकर' या ॲपवर चढवली जातात. अंगणवाडीताई रेंज शोधत उंबऱ्यात उभी राहून आज ज्या मुलाचे वजन त्यात भरते आहे, ते मूल २०६० च्या आसपास शुगरच्या रांगेत उभे राहील तेव्हा समोरच्या डॉक्टरला तो आकडा दिसेल, अशी तजवीज अजून कुठल्याही खात्याने केलेली माझ्या पाहण्यात नाही.